कोल्ह्याचे डोळे

माझ्या बोलण्यावर कुणी घड्याळसुद्धा लावत नाही, हे मला ठाऊक आहे. आमची ही म्हणायची, "तुम्ही पाऊस येणार म्हणालात की मी पापड उन्हात घालते." तेव्हा पुढचं सगळं खरं आहे असा दावा मी करत नाही. यातलं जे थापेसारखं वाटेल ते बहुधा खरं असेल, एवढं धरून वाचा.

आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा वाशी पुरती वाशी झाली नव्हती. खाडीवरचा पूल होता, सिडकोच्या बिल्डिंगी होत्या, मैदानासारखे रुंद रस्ते होते, आणि त्या रस्त्यांवर फिरायला डास होते. डास किती मोठे, तर माझ्या मित्राच्या कपाटातली शेळी एका डासानं उचलून नेली. हे मी स्वतः पाहिलं. शेळी बोटाच्या दोन पेरांएवढी होती ही गोष्ट वेगळी.

हा मित्र म्हणजे श्यामसुंदर रणदिवे. परळच्या चाळीतला माझा शेजारी, सरकारी छापखान्यात माझ्याच बाजूला बसणारा. वाशीतही आम्ही समोरासमोरची दारं मागून घेतली. बिल्डिंग खाडीच्या अंगाची शेवटची, बिऱ्हाडं तळमजल्यावर. मागच्या दारी कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, मग कुंपण, आणि कुंपणापलीकडे चिखल आणि तिवरांचं रान.

श्यामला छंद होता छोटे प्राणी जमवायचा. खेळणी म्हटलेलं त्याला चालत नसे. एकदा मी त्याच्या वाढदिवसाला फुटपाथवरून एक रबरी हत्ती नेला. त्यानं तो उलटासुलटा करून बघितला आणि हळूच परत माझ्या हातात दिला.

"बंड्या, हत्ती हसत नाही रे."

त्याला खऱ्यासारखा प्राणी लागे. खऱ्यासारखा म्हणजे बैलाच्या मानेवर जू घासून पडलेला घट्टासुद्धा दिसला पाहिजे. आणि सगळे एकाच मापातले. त्या कपाटात माणूस ठेवायचा झाला असता, तर तो मधल्या बोटाएवढा निघाला असता. त्या हिशेबानं हत्ती नारळाएवढा, बैल मुठीएवढा, आणि खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी जिऱ्याच्या दाण्याएवढी. जिऱ्याएवढ्या त्या माशालाही डोळे होते. मी भिंग लावून पाहिले आहेत. एकदा त्यातला एक मिटला होता.

हे प्राणी घडवायचा पेणचा गोटीराम. गणपतीच्या कारखान्यातला जुना कारागीर. गणपती एकदा घरोघरी गेले की त्याचे हात रिकामे होत, मग तो श्यामसाठी शाडूची जनावरं करी. पण डोळे ठेवी कोरे. गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घडवणारा एक, रंग देणारा दुसरा, आणि डोळ्यांची आखणी करणारा तिसराच असतो. आखणी सगळ्यात शेवटी. डोळे आखले की मूर्ती बघायला लागते, तोवर ती नुसती माती. श्यामनं हीच रीत आपल्या कपाटाला लावून घेतली होती. प्राणी आंधळे यायचे, आणि तो स्वतः खारीच्या केसांच्या ब्रशनं त्यांना डोळे द्यायचा. त्याला नियम एकच.

"ज्यानं बघितलं, त्यानंच डोळे आखायचे. न बघता डोळे आखणं म्हणजे थाप मारणं. ते काम तुझं."

म्हणून वाघाला राणीच्या बागेत जाऊन येईपर्यंत डोळे मिळाले नाहीत. उंटासाठी आम्ही सर्कशीच्या तंबूमागं दुपारभर उभे राहिलो. म्हशीची मापं घ्यायला तो शिवणाची टेप घेऊन वाशीतल्याच जुहूगावातल्या गोठ्यात शिरला. म्हैस शांत होती. पण टेप शेपटीपर्यंत गेल्यावर तिनं जी लाथ घातली, त्यानं श्याम थेट कोपरखैरण्याला जाऊन पडला. तिथून तो बसनं परत आला.

त्याची बायको सरोजिनी. शांत बाई, पण कधी बोललीच तर आपण हसावं की गप्प बसावं ते कळत नसे. परळला असताना एकदा कपाट पुसताना तिच्या हातून उंटाची मान मोडली. श्याम रागावला नाही. एक शब्द बोलला नाही, नुसती मान डिंकानं चिकटवली. रागावला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून सरोजिनीवहिनींनी कपाटाला हात लावला नाही. काचेवर धूळ बसली तरी त्या म्हणत, "तुमचं तुम्ही पुसा."

तर कोल्हा.

वाशीला आलो त्या पहिल्याच संध्याकाळी तिवरांतून कोल्हेकुई उठली. एकानं सूर लावला, मग सगळ्यांनी. श्याम चहाचा कप हातात घेऊन मागच्या दारी उभा राहिला तो चहावर साय धरेपर्यंत. पेणला निरोप गेला. गोटीरामनं कोल्हे लहानपणापासून शेतात पाहिलेले, त्यानं खारकेएवढा कोल्हा असा घडवला की नजर हटू नये. पाठीवर राखी केस, पायांवर तांबूस, शेपूट खाली टाकलेली, आणि डोळ्यांच्या जागी पांढरे दोन ठिपके.

श्यामनं त्याला खालच्या फळीवर भिंतीकडं तोंड करून उभा केला. म्हणाला, "डोळे नसताना त्याला लोकांसमोर कशाला उभं करायचं? बघितला की आखतो."

पण कोल्हा काही दिसेना. वर्षं गेली. रोज दिवेलागणीला आम्ही दोघं खाडीच्या बांधावर जाऊन बसायचो. कुई ऐकू यायची, तिवरं हलायची, एखादा बगळा उडायचा, बस. जुहूगावची बयाबाई दारावर मासे घेऊन यायची. तिला आमची फार कीव.

"कोल्याला बगाया बांदावं कशाला बसतंव? दारान कोंबरी बांदा, आपसूक येल तो."

"तुम्हाला दिसतो का हो बयाबाई?"

"मना रोज दिसतं. मी काय त्याला बगाया जात नाय ना."

मग श्यामच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. आधी तो दाराच्या चौकटीला खांदा लावू लागला. मग चहा कपाच्या बाहेर ओतला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची. दिवसा त्याला समोरचं दिसे, पण नळीतून पाहिल्यासारखं. उजेड उतरला की नळीचं तोंडही कुणी बुचानं बंद करावं तसं होई. आणि कोल्ह्याची वेळ तर तीच.

एके दिवशी त्याच्याकडे गेलो तर खालच्या फळीवरचा कोल्हा वळलेला. तोंड आमच्याकडं, पांढरे ठिपके आमच्यावर.

"हा फिरला कसा?"

"मीच फिरवला," श्याम म्हणाला. "उगाच भिंतीकडं तोंड करून उभा केला होता त्याला. आंधळा असला म्हणून काय झालं." मग ठिपक्यांवरून बोट फिरवत, "बंड्या, एवढा एकच राहिला बघ. याचे डोळे माझ्या हातून झाले ना, की माझे मिटले तरी चालतील."

हे ऐकून माझ्यासारख्या माणसानं काय केलं असतं? जे मला येतं तेच केलं.

बयाबाईकडं तांब्या नावाचा कुत्रा होता. रंगानं तांबूस, अंगानं बारीक, कान उभे. अंधुक उजेडात, तिवरांच्या आडोशाला, काचबिंदू झालेल्या माणसाला तो कोल्हा म्हणून सहज खपला असता. मी जुहूगावात जाऊन विषय काढला.

बयाबाई जाळं विणत होती, तिचा हात थांबला. "माजा कुत्रा कोला? त्याला समजला त जेवाचा नाय तो."

"त्याला कोण सांगतंय? तुम्ही फक्त त्याला धरून तिवरांत बसायचं. मी बॅटरी मारली की त्यानं इकडं बघायचं. भुंकता कामा नये."

"आनि मी काय करू तवर? चिकलान बसू?"

"हो."

"तुमी बसा की."

"मी बॅटरी मारणार ना."

तिनं पुन्हा जाळ्याला हात घातला. दोन गाठी मारल्या. "रणदिवे शेठसाटी बसतंय. तुमच्यासाटी नाय."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी श्यामला उठवलं. आज कोल्हा दिसणारच, असं चिखलातल्या पावलांवरून कळलंय, म्हणालो. बांधावर दगड फार, म्हणून वहिनीही त्याचा हात धरून आल्या. एरवी त्या येत नसत, त्या वेळी त्यांची मागच्या दारची कामं असायची. आम्ही बसलो. खाडीवरून खारा वारा येत होता. भरती लागली होती आणि चिखलातून बुडबुडे फुटल्याचा आवाज येत होता.

मी खोकलो. ही बयाबाईला खूण. मग बॅटरी लावली.

तिवरांच्या मुळांमध्ये दोन डोळे चमकले. मी तुम्हाला सांगतो, मला माझंच कौतुक वाटलं. अंग दिसत नव्हतं, नुसते दोन डोळे, आणि मागं उभ्या कानांचा भास. श्यामनं मान इकडून तिकडं करून नळीत ते डोळे पकडले. किती तरी वेळ तो बघत राहिला.

"छान आहे," तो म्हणाला.

"दिसला ना?"

"दिसला. याला संध्याकाळची पोळी मिळालेली नाही का रे?"

मी बॅटरी जरा हलवली.

"बंड्या लेका, हे डोळे मागतायत. कोल्हा माणसाकडं काही मागत नाही." तो रागावला नव्हता. त्याच्या आवाजात हसू होतं, आणि त्या हसूमागं असं काही होतं की मी बॅटरी खाली केली. "एवढा आटापिटा केलास. कुणाचा आहे कुत्रा?"

माझ्या तोंडून थाप निघेना. आयुष्यात पहिल्यांदाच.

तेवढ्यात वहिनी स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या. "कोल्हा असा समोरून बघतच नाही मुळी. तो वळून बघतो."

श्यामनं मान त्यांच्याकडं वळवली. "तुला गं काय माहीत?"

वहिनींनी पदर सारखा केला. तो आधीच सारखा होता.

"सरोज?"

"मी बघितलाय."

कुई त्याच वेळी उठली, पार लांबून, पलीकडच्या किनाऱ्यावरून.

"कधी?"

"मागच्या थंडीत. तुम्ही दोघं इकडं बांधावर आलेले. मी मागच्या दारी कपडे काढत होते. कुंपणाशी चिखलात तो चिंबोरी खात होता, कडाकडा. माझ्या हातून चिमटा पडला. तो पळाला नाही. अंग होतं तसंच ठेवून त्यानं फक्त मान वळवली. तोंडातून खेकड्याची नांगी लोंबत होती. बघून झालं का तुमचं, असं विचारल्यासारखं बघितलं. आणि मग परत खायला लागला."

"एकदाच?"

"नंतरही येतो कधीकधी. तुम्ही इकडं आलात की."

श्याम हसायला लागला. आधी खांदे हलले, मग आवाज आला. "बंड्या, आपण इथं येऊन कोल्ह्याची वाट बघायचो, आणि तो आपल्या घरी येऊन जायचा."

मग तो हसायचा थांबला. "मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय झालं असतं? तुम्ही धावत आला असतात. तो तिथंच असता, समोर. आणि तुम्ही मला विचारलं असतंत, कुठाय गं." वहिनींचा आवाज बारीक झाला. "मला ते ऐकायचं नव्हतं."

श्यामनं अंधारात हात पुढं केला. तो आधी माझ्या गुडघ्याला लागला, मी तो उचलून योग्य हातात ठेवला.

आता इथं बराच वेळ शांतता राहायला हवी होती. पण तिवरांतून आवाज आला, "शेट, सोरू का कुत्र्याला? मच्चरांनी खाल्ला मना."

तांब्या सुटला तो थेट श्यामच्या मांडीवर. तोंड चाटून झालं, कान चाटून झाले. वहिनींनी घरी आल्यावर त्याला दोन पोळ्या घातल्या, आणि बयाबाईच्या पायाला चुना लावून दिला. मला काही मिळालं नाही.

सकाळी चहाला गेलो तर टेबल खिडकीशी ओढलेलं, कपाट उघडं, आणि वहिनी भिंतीला पाठ लावून उभ्या. श्याम टेबलाशी बसला होता. त्याच्या डाव्या तळव्यावर कोल्हा.

"सांग हिला काही तरी," तो म्हणाला. "नियम म्हणजे नियम. ज्यानं बघितलं, त्यानंच डोळे आखायचे."

"मला नाही जमणार," वहिनी म्हणाल्या. "भावजी, तुम्ही तरी सांगा. माझ्या हातून उंट मोडला होता."

"उंटाची मान पहिल्यापासूनच बारीक होती," श्याम म्हणाला. "गोटीरामलाही मी तेव्हाच म्हटलं होतं."

वहिनी त्याच्याकडं बघत राहिल्या. इतक्या वर्षांनी हे. मग त्या पुढं आल्या आणि खुर्चीवर बसल्या.

रंग त्यानं कालवला, पण सांगितला त्यांनी. काळा नको, म्हणाल्या, पिवळट. हळदीसारखा नाही, जुन्या मधासारखा. श्यामनं थेंब थेंब घालत विचारलं, असा? अजून थोडा. असा? हो. तो रंग त्याला दिसत होता की नाही कोण जाणे. ब्रश त्यानं ओठांत धरून टोकदार केला आणि त्यांच्या बोटांत दिला. त्यांचा हात इतका कापत होता की समोरच्या बिल्डिंगच्या काचा वाजत होत्या. श्यामनं उजव्या हातानं त्यांचं मनगट धरलं.

"श्वास अर्धा सोड. आता टेकव. ओढायचं नाही, नुसतं टेकव."

त्यांनी टेकवला. मग दुसरा. मग काळ्याचे दोन कण. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो आणि त्या वेळात मी एकही शब्द बोललो नाही. यावर आमच्या हिनं शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही.

"झालं," वहिनी म्हणाल्या.

श्यामनं तळवा डोळ्यांशी नेला. नळीत धरायचा प्रयत्न केला, इकडून, तिकडून. मग तळवा खाली ठेवला.

"समोर बघतोय का?"

"नाही. बुबुळं कोपऱ्यात काढलीत मी. वळून बघतोय."

"कुणाकडं?"

वहिनींनी वाकून नीट पाहिलं. "आत्ता तुमच्याकडं."

श्यामनं मान डोलावली. "बरोबर," म्हणाला. "तसाच असणार तो."

कपाटात ठेवायला त्यानं तो त्यांच्याच हातात दिला. वहिनींनी सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवली, दोन बैल आणि मोडक्या मानेचा उंट बाजूला सारला आणि कोल्ह्याला मधल्या फळीवर असा उभा केला की त्याची तिरकी नजर बरोबर श्यामच्या खुर्चीवर पडावी. मग पदराच्या टोकानं काच पुसली. आतून आणि बाहेरून.

पुढं श्यामची नजर पुरती गेली. तो त्याच खुर्चीत बसायचा. दिवेलागणीला रानातून कुई उठली की विचारायचा, "बघतोय का गं?" आतून, भाकरी थापता थापता, उत्तर यायचं, "बघतोय." बांधावर जायचं आम्ही सोडून दिलं. कोल्ह्याला त्याच्या वेळेला येऊ द्यावं, एवढं आम्हाला कळलं होतं.

आता शेवटचं. एका सकाळी वहिनींनी कपाट पुसायला उघडलं, तर मधल्या फळीवर, कोल्ह्याच्या पायाशी, चिंबोरीची नांगी. खरी. चांगली अंगठ्याएवढी, लालसर, अर्धी चावलेली.

बयाबाई नेमकी दारात होती. तिनं नांगीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ही माज्या पाटीतली हाय. काल सांच्याला तुमीच घेतलीव ना?"

"मी चिंबोरी खात नाही," मी म्हणालो. कोल्ह्याचं तोंड जरा ओलं दिसत होतं, तेही मी त्यांच्या नजरेला आणून दिलं.

श्यामनं हात पुढं केला. वहिनींनी नांगी त्याच्या तळव्यावर ठेवली. त्यानं ती बोटांत फिरवली, कडा चाचपल्या, वास घेतला. मग टेबलावर कोल्ह्याला आणवून दोन्ही शेजारी शेजारी धरले.

"मापात बसत नाही रे बंड्या. या मापानं ही चिंबोरी म्हशीएवढी झाली."

"खाडीत पूर्वी होत्या तशा," मी म्हणालो.

तो बराच वेळ हसला. मग त्यानं कोल्हा आणि नांगी वहिनींकडं दिली.

"राहू दे," म्हणाला. "त्याच्याजवळच ठेव."